तंत्रगप्पा : थांब, पुढच्या वर्षी स्वस्त होईल



गेल्या वेळी फोनवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल लिहिलं, तेव्हा मंडळातल्या बऱ्याच काका-काकूंचे फोन आले. या वेळचा विषय मात्र घरातल्या पोरासोरांचा आहे. व्हिडिओ गेममधली चित्रं अजून किती सुंदर होणार, आणि त्यासाठी आपण अजून किती पैसे मोजायचे? 'आम्हाला काय त्याचं' असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या घरात दहा ते पंचवीस वयाचं कुणी असेल, तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या जेवणाच्या टेबलावर येणारच आहे.

आमच्या टेबलावर तो एका कागदाच्या रूपाने आला.

आमचं इंदूरचं घर दुमजली. खाली आई, मी आणि बायको. वर दादा, वहिनी आणि माझा पुतण्या. दोन वर्षांपूर्वी त्याची दहावी झाली, तेव्हा त्याने गेम खेळता येईल असा चांगला कॉम्प्युटर मागितला होता. दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "काकाला विचार, तो इंजिनिअर आहे." मग मीही रुबाबात निकाल देऊन टाकला, "आता घेऊ नकोस. बारावी होऊ दे. तोवर हेच सगळं निम्म्या किमतीत मिळेल, वर याहून भारी मिळेल."

पोरगं निमूटपणे थांबलं. यंदा बारावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी तो खाली आला आणि चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवून उभा राहिला. डावीकडे दोन वर्षांपूर्वीचे भाव, उजवीकडे आजचे. रॅमचा आकडा दुपटीच्या वर गेलेला. ग्राफिक्स कार्डाचा तसूभरही खाली आलेला नाही. एकूण बेरीज वाढलेली. खाली लाल शाईत एकच ओळ होती, "काका, निम्मी किंमत कुठे आहे?"

मला खरंच उत्तर सुचलं नाही. दादा जिन्यात उभा राहून ऐकत होता. मुलाच्या कॉलेजच्या फीची जुळवाजुळव चालू असताना, माझ्या सल्ल्यामुळे त्याला आता जास्त पैसे मोजावे लागणार होते. मी रोज याच धंद्यात असतो, म्हणून लाज जास्त वाटली.

मुळात तो सल्ला माझा नव्हताच, आमच्या बाबांचा होता. मोठ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि कुठल्याही खरेदीवर ठरलेलं वाक्य, "थांब, पुढच्या वर्षी स्वस्त होईल." २००१ मध्ये आम्ही भावांनी कॉम्प्युटरसाठी धोशा लावला, तेव्हा बाबांनी दोन वर्षं थांबवलं. २००३ मध्ये कॉम्प्युटर घरी आला तो पहिल्या कोटेशनपेक्षा बऱ्याच कमी पैशांत आणि दुप्पट ताकदीचा. बाबांचा अंदाज कधी चुकला नाही, म्हणून मीही तो डोळे मिटून पुढे चालवला. त्यांच्या काळी जे खरं होतं ते आता खरं का राहिलं नाही, हे पुतण्याला समजावून सांगायचं मी ठरवलं. त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

चाळीस केबीचा चमत्कार

माझ्या वयाच्या मंडळींना तो टीव्हीला जोडायचा गेम आठवत असेल. राजवाड्याच्या बाजारातून आणलेला, निन्टेन्डोची नक्कल असलेला. पिवळ्या कॅसेटवर 'इतके हजार गेम' लिहिलेलं असायचं आणि आत निघायचे मोजून सात-आठ. चालली नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची. त्यातला सर्वांचा लाडका 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ सालचा. तो अख्खा गेम ४० केबीमध्ये बसवलेला होता. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुलाबाच्या फुलाचा 'शुभ प्रभात' फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो.

एवढ्याशा जागेत सगळं जग कसं मावलं? काटकसरीने. मारिओतले ढग आणि खालची झुडपं नीट बघा. एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललाय. आम्ही वर्षानुवर्षं खेळलो, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मारिओला मिशा का आहेत? १९८१ च्या 'डाँकी काँग' या गेमसाठी शिगेरु मियामोतो यांनी त्याचं पहिलं रूप काढलं, तेव्हा हाताशी इतके थोडे ठिपके होते की नाकाखाली तोंड काढता येईना. म्हणून मिशा. केस नीट दिसेनात, म्हणून टोपी.

असंच १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चं. त्यात शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात आणि खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. त्या वेगाचं मूळ बिचाऱ्या प्रोसेसरच्या दमणुकीत होतं. सगळे शत्रू काढताना त्याला वेळ लागायचा. ते कमी झाले की त्याचं ओझं हलकं व्हायचं आणि खेळ आपोआप पळायचा. बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं, आणि 'खेळ हळूहळू कठीण होत जातो' ही रीत तिथून रुजली.

१९९९ मधल्या 'सायलेंट हिल'मध्ये सगळं गाव धुक्यात बुडालेलं आहे. पहिल्या प्लेस्टेशनला दूरवरची घरं काढणं झेपत नव्हतं, म्हणून धुकं घातलं. पण त्या धुक्यानेच खेळणाऱ्याची गाळण उडवली.

पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं गोड आहे. पण तेव्हा दुसरा इलाज नव्हता म्हणून केलं ना? आता इलाज आहे." मुद्दा बरोबर होता. म्हणून पुढचा हिशेब मांडला.

सोळा, सोळा, सोळा, दोन

प्लेस्टेशन या एकाच खेळयंत्राच्या पिढ्या घ्या आणि त्यांची मेमरी बघा. पहिलं १९९४ चं, मुख्य मेमरी २ एमबी. दुसरं २००० सालचं, ३२ एमबी. म्हणजे सोळा पट. तिसरं २००६ चं, मुख्य आणि ग्राफिक्सची मिळून ५१२ एमबी. पुन्हा सोळा पट. चौथं २०१३ चं, ८ जीबी. पुन्हा सोळा पट. पाचवं २०२० चं, १६ जीबी. फक्त दुप्पट!

दर सहा-सात वर्षांनी सोळा पट ही चढण आमच्या पिढीने बघितली. बाबांचं वाक्य त्या चढणीवर उभं होतं. आज ही मुलं जिथे उभी आहेत तिथे ती चढण जवळजवळ सपाट झाली आहे.

किमतींचंही तेच. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आलं आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरलं. प्लेस्टेशन ५ तिथे ४९९ डॉलरला आलं, आणि पाच वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच ५४९ डॉलर झालं. आपल्याकडे ते ४९,९९० रुपयांना सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० वर गेलं. जुनं होत चाललेलं यंत्र महाग होतंय, हे बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

असं का झालं? तीन भिंती आडव्या आल्या.

पहिली भिंत बारीकपणाची. चिपमध्ये ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म स्विच असतात. इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये निरीक्षण मांडलं की एका चिपवर मावणाऱ्या या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होतेय. १९७५ मध्ये त्यांनी ती मुदत दोन वर्षांवर आणली. स्विच लहान झाला की तेवढ्याच जागेत जास्त मावतात आणि प्रत्येक स्विच स्वस्त पडतो. ही सगळ्या स्वस्ताईची गुरुकिल्ली होती. पण लहान करत नेण्यालाही अंत आहे. आज ज्या प्रकाशाने चिपवर नक्षी छापतात त्याची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर आहे, आणि ती छापणाऱ्या एकेका यंत्राची किंमत पंधरा कोटी डॉलरच्या वर. (जाहिरातीतलं '४ नॅनोमीटर' हे आता नुसतं नाव उरलंय, मोजमाप नव्हे.) स्विच अजूनही लहान होतात, पण स्वस्त होत नाहीत.

दुसरी भिंत उष्णतेची. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान केला की त्याची विजेची भूकही त्याच प्रमाणात कमी होते. म्हणजे दाटी वाढली तरी चिप तापणार नाही. २००५ च्या आसपास हे गणित बिघडलं. त्यानंतर ताकद वाढवायची तर वीजही वाढवावी लागते.

याचा ताजा नमुना बघा. एनव्हिडियाचं २०२२ मधलं सर्वांत मोठं गेमिंग कार्ड आरटीएक्स ४०९०. त्यात ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर, विजेची भूक ४५० वॅट, किंमत १,५९९ डॉलर. त्याच्या पुढचं, २०२५ मधलं ५०९०. त्यात ९,२२० कोटी ट्रान्झिस्टर, ५७५ वॅट, १,९९९ डॉलर. ट्रान्झिस्टर सुमारे २१ टक्क्यांनी वाढले, वीज २८ टक्क्यांनी, किंमत २५ टक्क्यांनी. सगळं हातात हात घालून वर गेलं. जास्त दूध हवं असेल तर जास्त पैसे द्या, एवढाच व्यवहार उरला. 'त्याच पैशांत जास्त दूध' हा जुना चमत्कार संपला.

पुतण्याच्या यादीत हेच ५०९० होतं. मी त्याला विजेचा हिशेब करायला लावला. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून भरपूर जोर लावला तर साधारण ८०० वॅट. रोज चार तास खेळला तर ३.२ युनिट, महिन्याला ९६ युनिट. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत हीटर लावून बसायचं. वहिनी तिथेच म्हणाली, "म्हणजे आता एसीही घ्या!"

तिसरी भिंत ने-आण करण्याची. चिपला हिशेब करायला जेवढी वीज लागते त्याहून कितीतरी जास्त दूरच्या मेमरीतून आकडा उचलून आणायला लागते. स्वयंपाक दहा मिनिटांचा, पण मिठासाठी दर वेळी मारोठियाच्या बाजारात जायचं, तसं. म्हणून चिपच्या अगदी जवळ, फार वेगवान मेमरी हवी. आणि नेमकी मेमरीच आज एआयची मोठमोठी केंद्रं पोत्यांनी उचलत आहेत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली उत्पादनं तिकडे वळवली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. पुतण्याच्या कागदावरचा तो दुपटीचा आकडा तिथून आला.

आकाशकंदील आणि ठिपक्यांची रांगोळी

मग गेमची चित्रं आता सुधारणारच नाहीत का? सुधारत आहेत, आणि झपाट्याने. पण रस्ता बदललाय. दोन गोष्टी समजून घेतल्या की पुढच्या दहा वर्षांचा अंदाज येतो.

पहिली, प्रकाश. दिवाळीत गॅलरीत लाल आकाशकंदील लावला की पांढऱ्या भिंतीवर लालसर झाक येते. कंदील वाऱ्याने हलला की झाकही हलते. जुन्या गेममध्ये ही लाली भिंतीवर आधीच रंगवून ठेवलेली असते. कंदील हलवा, फोडा, लाली तिथेच! रे ट्रेसिंग या तंत्रात प्रकाशाचा प्रत्येक किरण कुठून निघाला, कशावर आपटला, काय रंग घेऊन डोळ्यात शिरला, याचा खराच हिशेब करतात. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्येच ही पद्धत मांडली होती. पण सिनेमावाले एकेका चित्राला तासन्‌तास देऊ शकतात. गेमला सेकंदात साठ चित्रं लागतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. म्हणून गेमिंग कार्डात हे यायला २०१८ उजाडलं, आणि आता काही नवे गेम त्या सोयीशिवाय सुरूच होत नाहीत.

दुसरी, अंदाज. एवढा हिशेब दर ठिपक्यासाठी करणं आजही झेपत नाही. फोर-के चित्रात ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. म्हणून युक्ती अशी, की ठिपके थोडेच काढायचे आणि बाकीचे ओळखायचे. आमची आई ठिपक्यांची रांगोळी काढते तेव्हा अधूनमधून दोन-चार ठिपके राहिलेच, तर ती पुन्हा मोजत बसत नाही. कासव आहे की कमळ, हे तिला ठाऊक असतं. हात आपोआप रेघ पुरी करतो. लाखो चित्रं पाहून शिकलेलं एआय हेच करतं. एनव्हिडिया त्याला डीएलएसएस म्हणते. एएमडी, इंटेल, सोनी यांच्याही आपापल्या पद्धती आहेत.

यात पुढची पायरी म्हणजे, दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अख्खी चित्रंच अंदाजाने घालायची. नव्या कार्डांत एका खऱ्या चित्रामागे तीन अंदाजाची असू शकतात. गणित करा. पडद्यावर चार फोर-के चित्रं आली, म्हणजे ३ कोटी ३१ लाख ठिपके. त्यांतलं एकच चित्र खरं, आणि तेही पाव आकारात काढून मोठं केलेलं, म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपके. सोळातला एक ठिपका मोजलेला, पंधरा ओळखलेले!

पूर्वी सोळा पट ताकद वाढायची. आता सोळा पट अंदाज वाढलाय. फरक हा, की अंदाज चुकू शकतो. वेगाने जाणाऱ्या गाडीमागे भुतासारखी सावली उरते, जाळीच्या कुंपणावर लहरी दिसतात. आणि मधलं चित्र घालायचं तर पुढचं खरं चित्र आधी तयार करून क्षणभर रोखून धरावं लागतं. त्यामुळे पडद्यावर हालचाल लोण्यासारखी दिसते, पण बोटाने दाबलेलं बटण किंचित उशिरा लागतं.

घरातली परीक्षा

एवढं ऐकूनही पुतण्या हटला नाही. "काका, तुम्ही सगळे मोठे लोक 'एवढं पुरे' म्हणता. पण तुमचा फोन मात्र दर दोन वर्षांनी बदलतो." हे माझ्या बायकोने जरा जास्तच मोठ्याने हसून दाद देत ऐकलं.

मग आम्ही परीक्षा घ्यायचं ठरवलं. माझ्या लॅपटॉपवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम, बैठकीतल्या ४३ इंची टीव्हीला जोडलेला. बसायची जागा आठ फुटांवर. मी कधी चित्राची पातळी 'मध्यम' ठेवणार, कधी 'सर्वोच्च'. पुतण्याने पाठ फिरवायची, मी बदल केल्यावर वळून बघायचं आणि ओळखायचं. दहा वेळा.

सहा वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी पाच वेळा बरोबर आलं असतं. स्वतःच हिरमुसला. कारण साधं आहे. आठ फुटांवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.७ मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. आमच्या टीव्हीवर साध्या फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. ठिपके आणखी बारीक करून घालायचे कुणाच्या डोळ्यात? आईला विचारलं तर म्हणाली, "दोन्हीत गाडीच आहे की!"

पण त्याच बैठकीत त्याने मलाही एक धडा दिला. मी गुपचूप अंदाजाची चित्रं चालू केली. पडद्यावरचा आकडा दुप्पट झाला, चित्र गुळगुळीत दिसू लागलं. दुसऱ्याच वळणावर तो म्हणाला, "काहीतरी केलंत तुम्ही. गाडी जड झाली." जे त्याच्या डोळ्यांना दिसलं नाही ते बोटांना लगेच कळलं. दुकानदार दाखवतो तो मोठा आकडा हात ओळखतो असं नाही, हे मी वाचून जाणत होतो. त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

चौथी भिंत

तीन भिंती यंत्राच्या झाल्या. चौथी माणसांची आहे, आणि ती कुठलंही कार्ड तोडू शकत नाही. चित्र जितकं बारीक, तितके ते काढणारे हात जास्त. मारिओतलं झुडूप एका माणसाने एका दुपारी काढलं असेल. आज एका झाडाची साल, ओलावा, वाऱ्याने हलणारी पानं, सगळ्याला माणसं लागतात. २०१३ साली 'जीटीए ५' आला, तेव्हा तो ५१२ एमबीच्या प्लेस्टेशन ३ वर चालत होता. त्याच्या पुढच्या भागाची वाट बघता बघता शाळेतली मुलं नोकरीला लागली.

म्हणूनच मला उलट्या दिशेची उदाहरणं जास्त आशादायक वाटतात. निन्टेन्डोचा स्विच २०१७ मध्ये आला तो २०१५ मधली मोबाइलच्या जातीची चिप घेऊन. विजेची भूक वीस वॅटच्या आत. तज्ज्ञांनी नाकं मुरडली. त्याच्यावर चाललेला 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' जलरंगातल्या चित्रासारखा दिसतो, आणि तो स्विच जगभरात १५ कोटींच्या वर खपला. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये त्याच स्विचवर आधी आला. त्यांनी पहाडी लघुचित्रांची शैली घेतली, कथेसाठी सावल्यांच्या बाहुल्या घेतल्या. खऱ्यासारखं दिसण्याच्या शर्यतीत ते उतरलेच नाहीत, म्हणून सहा वर्षांनी आजही तो गेम जुना वाटत नाही. त्या काळच्या 'अगदी खऱ्यासारख्या' गेममधले चेहरे मात्र आता मेणाचे वाटू लागलेत.

घ्यायचं ठरलं तर

ज्यांच्या घरी असा कागद टेबलावर येणार आहे, त्यांच्यासाठी आम्ही काढलेले चार निष्कर्ष देतो.

पहिला, आधी पडदा ठरवा, मग कार्ड. फुल एचडी पडद्याला फोर-केचं कार्ड म्हणजे स्कूटरला ट्रकचं इंजिन.

दुसरा, कार्डाची मेमरी बघून घ्या. वेग थोडा कमी असला तरी चित्राची पातळी उतरवून चालतं. मेमरी अपुरी पडली तर गेम अडखळतो, आणि ती मागाहून वाढवता येत नाही.

तिसरा, 'इतके फ्रेम' असा आकडा सांगितला की विचारा, त्यातले खरे किती आणि अंदाजाचे किती.

चौथा मला स्वतःला गिळायला जड गेला. गरज खरी असेल आणि पैसे हाताशी असतील, तर 'थांब, स्वस्त होईल' म्हणून थांबू नका. गरज नसेल तर मात्र खुशाल थांबा, कारण दोन वर्षांनी तुम्ही फार मागे पडणार नाही. चढण सपाट झाल्याचा हा एक फायदा आहे. आज घेतलेलं यंत्र बाबांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकेल.

शेवटी आम्ही दोघं आरएनटी मार्गावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत हिंडलो आणि त्याच्या मूळ यादीच्या जवळपास तिसऱ्या हिश्शात, मधल्या ताकदीचं, भरपूर मेमरीचं कार्ड घातलेला कॉम्प्युटर जुळवून आणला. दोन वर्षांपूर्वी हाच साधारण त्याहून स्वस्त पडला असता. वरचे पैसे मी दिले. दादा नको म्हणत होता, पण चुकीच्या सल्ल्याचा दंड कुणीतरी भरायलाच हवा.

आठवडाभर पोरगं वर गेम खेळत असेल अशी माझी समजूत होती. गेल्या रविवारी पोहे खाताना तो कॉम्प्युटरवर काढलेलं काहीतरी फोनमध्ये घेऊन खाली आला. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा छोटा गेम बनवतोय. सोळा बाय सोळा ठिपक्यांचा एक माणूस, पांढरा शर्ट, उडी मारतो. ढग आणि झुडपं एकाच चित्राची. मला डोळा मारला.

"तोंड काढताच येईना काका," तो म्हणाला. "शेवटी मिशा लावल्या."

आईने चष्मा सावरला, फोन हातात घेतला आणि जरा वेळ बघत राहिली. मध्यम आणि सर्वोच्च यांत तिला काडीचा फरक दिसला नव्हता. मग म्हणाली, "अरे, हे तर 'हे'च की! शर्टाची इस्त्रीसुद्धा तशीच."

पुढच्या महिन्यात भेटू. तुमच्याकडे जुनी पिवळी कॅसेट अजून सांभाळून ठेवली असेल, तर फोटो जरूर पाठवा. फुंकर मारून बघा, चालेलही!